परवाना कोणाला मागायचा?

(तृतीय वर्ष कला)

गेल्या वर्षी मार्गशीर्षातल्या एका सकाळी आमच्या गावची रहदारी दोन तास बंद पडली, आणि गावाने त्याबद्दल कुणालाही शिव्या दिल्या नाहीत. उलट, म्हातारी माणसे पारावर येऊन बसली, शाळेतल्या गुरुजींनी मुलांना रांगेने रस्त्याकडेला आणून उभे केले, आणि चहाच्या टपरीवाल्याचे दूध नऊ वाजताच संपले. निमित्त होते पवनचक्कीच्या पात्याचे. पन्नास मीटरांहून लांब असलेले एक पांढरेशुभ्र पाते घेऊन एक गाडी आमच्या गावच्या वळणावर आली होती. ते वळण घेताना एस.टी.सुद्धा एकदा मागे-पुढे करते. त्या वळणावरून एवढे लांब धूड जायचे कसे, हा सकाळचा मोठा प्रश्न होता.

पण ते गेले. पुढे एक जीप, तिच्यावर फिरता दिवा आणि लाल झेंडे. जीपमधून उतरलेल्या दोघांनी दोन्ही बाजूंची वाहने थांबवली. दोघे बांबू घेऊन विजेच्या तारांकडे पाहत चालले होते. गाडीच्या मागच्या चाकांजवळ एक माणूस चालत होता आणि पुढच्या ड्रायव्हरला हाताने खुणा करीत होता. गाडी माणसाच्या पावलाने चालली. ना कुणाला धक्का, ना कुणाच्या भिंतीला ओरखडा. मी जीपमधल्या माणसाला सहज विचारले, "दादा, एवढी मोठी गाडी रस्त्यावर आणायला चालते?" त्याने सीटखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले कागद काढले आणि म्हणाला, "चालत नाही. म्हणून तर हा परवाना. कोणत्या रस्त्यानं, कोणत्या दिवसांत, किती वेगानं, सगळं यात लिहिलंय. हा नसेल तर आम्ही डेपोच्या फाटकाबाहेरच निघत नाही."

"चालत नाही, म्हणून परवाना." हे वाक्य माझ्या डोक्यात बसले. कारण त्याच वळणावर, त्याच्या आदल्या हंगामात, पहाटे साडेचार वाजता, दूध घालायला निघालेला शेजारच्या वाडीचा एक माणूस मोटारसायकलसह उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला होता. ट्रॉलीचे चाक पंक्चर झाले म्हणून ती रस्त्यावरच उभी होती. त्या माणसाचा जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली गेला. त्या ट्रॉलीजवळ ना जीप होती, ना झेंडा, ना दिवा. आणि ती ट्रॉली आमची होती.

वाचकहो, या लेखात मी जे काही सांगणार आहे ते दुसऱ्याच्या अंगणातले नाही, हे आधीच कळावे म्हणून एवढे लिहिले.

रस्त्यावर किती मोठे वाहन चालावे याला आपल्या देशात नियम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये झाले. त्यांच्याप्रमाणे वाहनाची रुंदी २.६ मीटरांपेक्षा अधिक असता कामा नये. हा आकडा कुणाच्या लहरीतून आलेला नाही. आपल्याकडील दुपदरी रस्त्याची डांबरी रुंदी साधारण ७ मीटर धरतात. समोरासमोर दोन मोठी वाहने आली की ५.२ मीटर त्यांनी व्यापले. उरले १.८ मीटर. दोघांमधील अंतर, दोन्ही कडांची सायकल, पायी चालणारी बाई, शेळी आणि शाळेचे पोर या सर्वांसाठी एवढीच जागा आहे. कोणी आपले ओझे एका बाजूने हातभर बाहेर काढले, तर तो हातभर रस्ता सरकारचा घेत नाही, या लोकांचा घेतो.

आता काही ओझी अशी असतात की ती लहान करताच येत नाहीत. वीज केंद्राचा ट्रान्सफॉर्मर अर्धा-अर्धा करून नेता येत नाही. पवनचक्कीचे पाते कापून पुन्हा चिकटवता येत नाही. अशा अविभाज्य ओझ्यासाठीच खास परवानगीची सोय आहे. अर्जात ओझ्याची लांबी, रुंदी, उंची, वजन, गाडीला किती आस, प्रत्येक आसावर किती भार आणि जाण्याचा मार्ग द्यावा लागतो. वाटेतील पुलांना तो भार पेलेल की नाही हे अभियंते पाहतात. पुलावरून जाताना ते वाहन एकटेच असावे, मध्यभागातून अगदी सावकाश जावे आणि पुलावर ब्रेक लावू नये, अशा अटी घालतात. तारा उचलायच्या तर वीज कंपनीला, फाटक ओलांडायचे तर रेल्वेला, रहदारी थांबवायची तर पोलिसांना आधी कळवावे लागते.

या साऱ्या खटाटोपाचे टोक पाहायचे असेल तर एका यंत्राची हकीकत पाहावी. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी 'ऑटोक्लेव्ह' नावाची एक अजस्र भट्टी जुलै २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रातून निघाली. वजन ७० टन, उंची साडेसात मीटर, रुंदी ६.६५ मीटर. वाहून नेणाऱ्या गाडीला ७४ चाके होती. म्हणजे सात मीटरांच्या रस्त्यावर ही स्वारी आली की उरत होते फक्त ३५ सेंटिमीटर! वाटेत झाडांच्या फांद्या तोडाव्या लागल्या, तारा काढाव्या लागल्या. मध्येच करोनाची टाळेबंदी आली. विमानाने काही तासांत होणारा हा प्रवास या यंत्राने एका वर्षात केला. जुलै २०२० मध्ये ते मुक्कामाला पोहोचले.

हे वाचून कुणाला हसू येईल, कुणी सरकारी दिरंगाईला नावे ठेवील. मला मात्र या गोष्टीत शहाणपण दिसते. देशाच्या अंतराळ केंद्राचे ओझे, पण तेही रस्त्याला विचारून गेले. तेच न विचारता गेले तर काय होते, याचे उदाहरणही त्याच काळात घडले. जून २०२० मध्ये उत्तराखंडातील मुनस्यारी भागात अवजड यंत्र लादलेली एक मालमोटार चिनी सरहद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील लोखंडी बेली पुलावर चढली आणि पुलासकट खाली कोसळली. दोघे जखमी झाले, आणि पलीकडच्या गावांचा रस्ता तुटला. सीमा रस्ते संघटनेने अहोरात्र खपून काही दिवसांत नवा पूल उभा केला, ही गोष्ट वेगळी. पण पूल आधी बोलत नाही. त्याच्या वतीने बोलायला म्हणून तो परवान्याचा कागद असतो.

इथपर्यंत बहुतेकांचे एकमत होईल. मोठ्या कंपन्यांनी परवाना घ्यावा, झेंडे लावावेत, हे कुणालाही मान्य होते. खरा प्रश्न पुढे आहे. आपल्या भागातील रस्त्यांवर पवनचक्कीचे पाते वर्षातून दोनचार वेळा येते. नियमाबाहेरचे ओझे मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत रोज रात्री, ओळीने, आमच्या दारावरून जाते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, हौद्याच्या दोन्ही कडांबाहेर आलेला ऊस, आणि मागच्या फळीवरून खाली लोंबणारी वाढी. त्याला परवाना कुणी देत नाही. कुणी मागतही नाही. ते 'आपले' आहे ना!

कायदा याबाबत गप्प नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा कलम १९४ मध्ये ओझे बाजूला, पुढे, मागे किंवा मर्यादेबाहेर वर गेले तर २० हजार रुपये दंड आणि जादा माल उतरवण्याचा खर्च, अशी तरतूद आली. सक्षम अधिकाऱ्याने त्या विशिष्ट ओझ्याला सूट दिली असेल तेवढा अपवाद. म्हणजे कायद्याच्या लेखी पात्याची गाडी निर्दोष आणि आमची ट्रॉली गुन्हेगार. मी हे आबांना वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "मग आम्हालाबी द्या की परवाना! आम्ही काय नको म्हणतोय?"

आबांच्या या बोलण्यावर मी बरेच दिवस विचार केला. प्रथम मलाही वाटले, खरेच आहे. हंगामापुरता एक साधा परवाना काढावा आणि शेतकऱ्याला दिलासा द्यावा. पण मग लक्षात आले की असा परवाना देताच येणार नाही, आणि देऊही नये. परवाना त्या ओझ्याला, जे लहान करता येत नाही. ऊस तर मोळी-मोळीने तुटतो, मोळी-मोळीने भरला जातो. एका खेपेचा माल दोन खेपांत नेता येतो. म्हणजे आमची अडचण उसाच्या आकाराची नाही, हिशेबाची आहे. पाते नाइलाजाने मोठे असते. आमची ट्रॉली आम्ही मोठी करतो.

कोणी म्हणेल, चार टन जास्त भरले तर रस्त्याचे असे काय बिघडते? याचे उत्तर अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यात झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगाने दिले आहे. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्कराचे ड्रायव्हर ठरावीक वजनाच्या गाड्या सतत फिरवीत राहिले आणि रस्ता कसा झिजतो हे मोजले गेले. त्यातून निघालेला ठोकताळा असा की, आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी दुप्पट नव्हे, साधारण सोळापट होते. आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालमोटारींच्या भाराची मर्यादाच वाढवली. चार टायरांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली. ऐकायला सव्वा टनाची वाढ. वरच्या ठोकताळ्याने हिशेब केला तर त्या आसाखालची झीज दीडपटीहून अधिक होते. लेखणीच्या एका फटकाऱ्याने कालचा गुन्हा आज कायदेशीर झाला, पण त्या रात्रीत एकही जुना पूल अधिक मजबूत झाला नाही. मर्यादा वाढवणे हाही एक प्रकारचा परवानाच आहे. फरक एवढाच की त्यात मार्ग नाही, वेळ नाही, झेंडा नाही, अट नाही. म्हणूनच अशा सरसकट सवलतीची मला भीती वाटते.

आता आमच्या घरचा हिशेब सांगतो. आमच्या दोन ट्रॉल्यांची खेप १८ ते २० टनांची होते. आर.टी.ओ.च्या कागदावर दिलेले वजन त्याहून बरेच कमी आहे. कारखाना वाहतुकीचे भाडे टनावर देतो. डिझेल मात्र खेपेवर जळते. टोळीला दिलेली उचल अंगावर, ट्रॅक्टरचा हप्ता अंगावर, आणि कारखान्याच्या आवारात रिकामे होण्यासाठी नंबर लावून कधी कधी दहा-बारा तास बसावे लागते. मग माणूस काय करील? खेपा वाढवता येत नाहीत म्हणून खेप वाढवील. आबांना मी लोभी म्हणणार नाही. ज्या पद्धतीत जास्त भरणाऱ्याला जास्त आणि नियमाने भरणाऱ्याला तोटा मिळतो, त्या पद्धतीत ते गेली वीस वर्षे प्रामाणिकपणे राबत आहेत.

पण याच पद्धतीत एक गंमत दडलेली आहे. रस्त्यावर जादा ओझे पकडायचे तर अधिकाऱ्याला गाडी थांबवून काट्यावर न्यावी लागते. उसाचे तसे नाही. प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर जातेच जाते. भरलेले वजन, रिकामे वजन, वाहन क्रमांक, तारीख, वेळ, सारे पावतीवर छापून येते. ज्या कागदावर आम्हाला भाडे मिळते, त्याच कागदावर आमचा नियमभंगही किलोपर्यंत नोंदलेला असतो. इतका स्वच्छ पुरावा असलेला गुन्हा दुसरा कोणता असेल? आणि त्याकडे इतक्या शांतपणे पाहणारी दुसरी जागा कोणती असेल?

म्हणून माझे म्हणणे असे की, परवान्याची जागा आर.टी.ओ.च्या खिडकीत न शोधता कारखान्याच्या फाटकावर शोधावी. हंगामाच्या आरंभी कारखाना प्रत्येक वाहनधारकाशी करार करतोच. त्या करारात तीन अटी घालाव्यात. पहिली, कागदावरच्या वजनापुढील टनांचे उसाचे पैसे शेतकऱ्याला पूर्ण मिळावेत, पण त्या टनांचे वाहतूक भाडे वाहनधारकाला मिळू नये. मग जादा भरण्यात कुणाचाच फायदा उरणार नाही. दुसरी, हौद्याच्या कडेबाहेर ऊस आलेल्या ट्रॉलीचा नंबर शेवटी जावा. नंबराची भीती दंडाच्या भीतीपेक्षा मोठी असते, हे ज्याने गव्हाणीपुढे रात्र काढली आहे त्याला सांगायला नको. तिसरी, ट्रॉली रस्त्यात बंद पडली तर मागे-पुढे ठेवायला दोन दिवे किंवा चमकणारे त्रिकोण ट्रॅक्टरवर असलेच पाहिजेत. फाटकावर ते दाखवल्याशिवाय आत प्रवेश नाही.

यावर आक्षेप येतील. खेपा वाढल्या तर वाहतुकीचा दर वाढवावा लागेल, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च अखेर शेतकऱ्याच्याच उसाच्या दरातून कापला जातो. हे खरे आहे, मी ते लपवीत नाही. टनामागे काही रुपये आपल्या सर्वांच्या घरातून जातील. पण आजही ते जातच आहेत. फक्त ते सर्वांच्या घरातून थोडे-थोडे न जाता एखाद्याच्याच घरातून एकदम जातात. त्या वाडीच्या माणसाच्या घरातून ते गेले. दूध घालणारा माणूस काठी घेऊन ओसरीवर बसला, दोन म्हशी विकल्या गेल्या, आणि त्याची मुलगी बारावीनंतर पुढे शिकली नाही. या वर्षी ती कदाचित आपल्याच महाविद्यालयात असती. आबांनी दवाखान्याचे निम्मे बिल भरले. गावाने "नशीब त्याचं" म्हटले. कारखान्याने आमची ती खेप मोजून घेतली आणि तिचे भाडे पंधरवड्याला नेहमीप्रमाणे जमा झाले.

दुसरा आक्षेप असा की, परवाना म्हटला की आणखी एक टेबल आले, आणि टेबल आले की त्याच्याखालचा हात आला. हाही अनुभवाचा बोल आहे. परवाना म्हणजे आधीच भरून टाकलेला दंड, अशी समजूत आपल्याकडे रुजली आहे. पैसे भरले, आता रस्ता माझा! पण पात्याच्या त्या गाडीने मला शिकवले ते वेगळेच. त्या कागदाची किंमत त्यावरच्या शिक्क्यात नव्हती, तर पुढे चाललेल्या जीपमध्ये, तारा उचलणाऱ्या बांबूत आणि मागच्या चाकाजवळ चालणाऱ्या माणसात होती. अटी पाळल्या जात नसतील तर तो कागद पिशवीत असला काय आणि नसला काय.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गेल्या डिसेंबरात आपण ट्रॉल्यांना रेडियमच्या पट्ट्या लावल्या. फोटो छापून आले. मीही त्या फोटोत आहे, माझ्या हातात पट्टीचे रीळ आहे. पण एक गोष्ट मी त्या दिवशी कुणाला सांगितली नाही, ती आज सांगतो. अपघाताच्या रात्री आमच्या ट्रॉलीला मागे पट्टी होती. मी स्वतः ती दिवाळीत लावली होती. पंचनाम्याच्या वेळी हवालदारांनी मागे लोंबणारी वाढी हाताने बाजूला केली, तेव्हा ती बॅटरीच्या उजेडात लखलखली. ओझे हौद्याबाहेर आले होते, आणि त्याने पट्टी झाकली होती. तेव्हापासून मला कळले आहे की मर्यादेबाहेरच्या ओझ्याला रेडियम हा उपाय नाही. आधी ओझे मर्यादेत आले पाहिजे. ते येतच नसेल, तर त्याच्यापुढे झेंडा घेऊन चालणारा माणूस हवा.

मित्रहो, आपल्यातील निम्म्या जणांच्या घरी ऊस आहे, पुष्कळांच्या घरी ट्रॅक्टर आहे. काहींचे वडील किंवा चुलते कारखान्याच्या संचालक मंडळावर आहेत. कारखान्याच्या वार्षिक सभेत अहवाल वाचला जातो, तेव्हा रिकव्हरीवर बोलणारे पुष्कळ असतात, रस्त्यावर बोलणारा एकही नसतो. यंदा कुणीतरी उठून करारातील या तीन अटींबद्दल विचारावे, एवढीच माझी विनंती आहे. आमच्या घरापुरते म्हणाल तर आबा माझे सारे म्हणणे मान्य करीत नाहीत. "दोन खेपांचं डिझेल कोण घालणार, तुझं कॉलेज?" असे ते अजूनही विचारतात, आणि त्या प्रश्नाला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. पण या हंगामात त्यांनी मागच्या फळीवर आडवी लाकडी पट्टी ठोकून घेतली आहे. वाढी तिच्याखाली येऊ द्यायची नाहीत, असे टोळीला बजावले आहे. त्यामुळे खेपेला टन-दीड टन कमी भरतो, आणि ते रोज रात्री मला ऐकवतात.

परवाना सरकारकडे मागतात असे आपण समजतो. वस्तुतः तो त्या १.८ मीटरांतल्या माणसांकडे मागायचा असतो. त्यांच्या वतीने सरकार फक्त शिक्का मारते. पहाटे साडेचारला दुधाची किटली घेऊन येणाऱ्या माणसाला आम्ही विचारले नव्हते. विचारले असते, तर त्याने नाही म्हटले नसते. "जरा कडेला घ्या, दिवा लावा, म्हणजे मी जातो," एवढेच तो म्हणाला असता.